शिशाचा माग

अमेरिकेतल्या टायरच्या दुकानात चाक बसवायच्या यंत्राशेजारी किंवा मागच्या दारापाशी प्लॅस्टिकची पाच गॅलनची बादली ठेवलेली असते. जुना टायर उतरवला की रिमच्या कडेला अडकवलेलं बोटभर वजन पकडीने उपटायचं आणि त्या बादलीत टाकायचं, ही तिथल्या कारागिराच्या हाताची सवय. चाक वेगात थरथरू नये म्हणून बसवलेली ही वजनं. आपल्याकडे व्हील बॅलन्सिंग करून घेताना तशीच वजनं रिमवर ठोकतात. कित्येक दशकं ती शिशाची असत. शिसं पाण्याच्या ११.३४ पट जड, त्यामुळे बादली निम्मी झाली तरी एकट्याला सहज उचलत नाही. काठोकाठ भरली तर १०० पौंडांच्या पुढेच जाते.

ही बादली न्यायला भंगारवाल्याच्या आधी एक गिऱ्हाईक येई. गॅरेजच्या कोपऱ्यात भट्टी मांडून बंदुकीच्या गोळ्या स्वतः ओतणारा छांदिष्ट. तो दुकानमालकाला थोडे डॉलर देई, कधी कामगारांसाठी डोनटचा खोका आणी, आणि रिकामी बादली मागे ठेवून भरलेली घेऊन जाई. अशी दुकानं त्याच्या ठरलेल्या वाटेवर असत आणि ती वाट तो दुसऱ्या कास्टरला, म्हणजे आपल्यासारख्याच गोळ्या ओतणाऱ्याला, सहसा सांगत नसे. गेल्या वीसेक वर्षांत या बादल्यांमधलं शिसं कमी होत चाललं आहे. ते कमी व्हावं असंच मला वाटतं. पण त्यामागे धावणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, कारण विसाव्या शतकाने शिसं कुठेकुठे पेरून ठेवलं आहे हे त्यांच्याइतकं बारकाईने फार थोड्यांनी पाहिलं असेल.

छंद नेमका काय ते आधी सांगितलं पाहिजे. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर, आतली दारू आणि टोकाला बसवलेली गोळी. पुंगळी पुन्हापुन्हा वापरता येते, प्रायमर आणि दारू विकत आणावी लागते. गोळी मात्र घरी करता येते, कारण शिसं ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि एवढी उष्णता विजेच्या छोट्या भट्टीतही मिळते. स्वतःच्या वापरासाठी गोळ्या-काडतुसं बनवायला अमेरिकेत संघराज्याचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टखाली परवाना घ्यावा लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळा बनवणं परवान्याशिवाय गुन्हाच आहे, त्यामुळे हा घरगुती छंद आपल्याकडे नाही.

वजन मोजायचं माप ग्रेन. एका पौंडात ७,००० ग्रेन. रिव्हॉल्व्हरची एक नेहमीची गोळी १५८ ग्रेनची, म्हणजे पौंडभर शिशात अशा ४४ गोळ्या होतात आणि १०० पौंडांत, वितळवताना निघणारी मळी वगळली तरी, चार हजारांच्या वर. निशाणेबाजीच्या सरावात दर आठवड्याला शेकड्यांनी गोळ्या उडवणाऱ्याला हा हिशेब पुरेसा बोलका आहे. २०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेत काडतुसांची टंचाई झाली, दुकानांची फडताळं रिकामी पडली, तेव्हा ज्यांच्याकडे शिशाच्या लगडी रचलेल्या होत्या त्यांना गोळ्यांची चिंता नव्हती. तरी मला वाटतं, पैशाची बचत हे निम्मंच कारण. आपल्या नळीच्या मापाची, आपल्याला हव्या त्या कठीणपणाची गोळी आपल्या हाताने साच्यातून काढण्यात कारागिराचं जे समाधान असतं, तेच माणसाला वर्षानुवर्षं धरून ठेवतं. १९७६ पासून कास्ट बुलेट असोसिएशन नावाची संघटना या लोकांच्या स्पर्धा भरवते. लायमनसारख्या जुन्या कंपन्यांचे साचे वडिलांकडून मुलाकडे येतात.

भंगारातल्या शिशाच्या गोळ्या करणं हे त्या देशाइतकंच जुनं आहे. ९ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा न्यूयॉर्कमध्ये सैन्यापुढे वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी जमावाने बोलिंग ग्रीन इथला तिसऱ्या जॉर्ज राजाचा पुतळा दोर लावून पाडला. सहा वर्षांपूर्वीच उभारलेला घोड्यावरचा राजा. वरून सोन्याचा मुलामा, आत शिसं. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफील्ड गावी ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी पोचले आणि परसात गोळ्या ओतायचं काम सुरू झालं. ओतणारे सैनिक नव्हते, घरातल्या आणि शेजारच्या बायका-मुली होत्या. वोलकॉटांनी ठेवलेला हिशेब आजही उपलब्ध आहे: मिसेस मार्विन ६,०५८, रूथ मार्विन ११,५९२, लॉरा ८,३७८, मेरी ॲन १०,७९०, फ्रेडरिक ९३६, मिसेस बीच १,८०२, इतर मंडळी २,१८२, आणि सैन्यतुकड्यांना दिलेल्या किरकोळ गोळ्या ३५०. एकूण ४२,०८८. लॉरा, मेरी ॲन आणि फ्रेडरिक ही वोलकॉटांची मुलं. फ्रेडरिक तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांचा. पुतळ्याचे काही तुकडे मात्र वाटेत लंपास झाले. घोड्याची शेपटी न्यूयॉर्कच्या इतिहास संस्थेत ठेवलेली आहे.

मुलाच्या हाती वितळलेल्या शिशाची पळी देण्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. आजचा कास्टर गॅरेजमध्ये मुलांना पाऊल टाकू देत नाही. या दोन गोष्टींमध्ये शिशाबद्दलचं सगळं ज्ञान येऊन बसलं आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी बादली ओतून पाहू. चिमट्याची वजनं वेगळी, चिकटपट्टीची वेगळी. चिमट्याच्या वजनात शिशाबरोबर सुमारे तीन टक्के अँटिमनी, किंचित कथील आणि आर्सेनिकचा अंश असतो. त्यामुळे त्याची गोळी बऱ्यापैकी कठीण होते आणि गरम असताना पाण्यात टाकली तर आणखी कठीण. चिकटवायचं वजन जवळजवळ शुद्ध शिशाचं, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. तोंडाकडून दारू भरायच्या जुन्या धर्तीच्या बंदुकांना मऊच शिसं लागतं, म्हणून काही जण नेमकं तेवढंच वेचून बाजूला ठेवतात. बादलीत याखेरीज सिगारेटची थोटकं, रबरी व्हॉल्व्ह, वाळू आणि च्युइंग गम, हे सगळं असतंच.

आणि जस्त असतं. हा खरा शत्रू. जस्ताची वजनं शिशाच्या वजनांसारखीच दिसतात, विशेषतः रंग दिलेली असली तर. काहींवर पीबी, झेडएन किंवा एफई अशी अक्षरं उठवलेली असतात, काहींवर काहीच नसतं. मग कास्टर प्रत्येक वजन पक्कडीच्या पात्यात धरून दाबतो. शिसं असेल तर पातं सहज रुततं, जस्त असेल तर घसरतं. पोलादी वजन चुंबकाला चिकटतं. फरशीवर टाकलं की शिशाचा बद्द आवाज येतो, जस्त खणखणतं. हजारो वजनं अशी एकेक करून तपासायची म्हणजे संध्याकाळच्या संध्याकाळ जाते, पण टाळून चालत नाही. भट्टीत थोडंसं जस्त विरघळलं तरी सगळा रस रवाळ आणि दाट होतो, साच्याच्या कोपऱ्यांत उतरत नाही, आणि अर्धवट भरलेल्या गोल कडेच्या गोळ्या निघतात. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून थर्मामीटर लावून रस ३७० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. चुकून राहिलेलं जस्त मग न वितळता पोलादी चिमट्यांबरोबर वर तरंगतं आणि झाऱ्याने काढून टाकता येतं. शिसं इतकं जड की पोलादसुद्धा त्यावर तरंगतं, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरं वाटत नाही.

बादलीत जस्त आणि पोलाद वाढलं ते कायद्यांमुळे. रस्त्यावर गळून पडलेलं वजन चाकांखाली चिरडून त्याची भुकटी होते, ती गटारात आणि धुळीत जाते. युरोपीय महासंघाने २००५ पासून मोटारींच्या चाकांवर शिशाची वजनं बंद केली. अमेरिकेत देशव्यापी बंदी आली नाही, पण कॅलिफोर्नियाने २०१० पासून आणि वॉशिंग्टन राज्याने २०११ पासून ती थांबवली. मेन, व्हरमाँट, न्यूयॉर्क, इलिनॉय अशी राज्यंही त्या वाटेने गेली. मोटार कंपन्यांनी नव्या गाड्यांवर पोलादी वजनं बसवायला सुरुवात केली. आता बादलीतून वापरण्याजोगं शिसं किती निघेल हे ते राज्य कोणतं आणि तिथल्या गाड्या किती जुन्या यावर ठरतं. बादली विकत घेऊन घरी आल्यावर तीत निम्म्याहून जास्त पोलाद निघण्याचा अनुभव आता सर्रास येतो.

म्हणून माग दुसरीकडे वळतो आणि इथे या छंदाचा मला सगळ्यात आवडणारा भाग सुरू होतो. जुनी इमारत पाडली जात असेल तर छपराच्या सांध्यांवरचे शिशाचे पत्रे. बिडाच्या जुन्या सांडपाण्याच्या नळांचे सांधे, ज्यांत प्लंबर तागाची दोरी ठोकून वरून शिसं ओतत. रुग्णालयातली एक्स-रेची खोली मोडली तर भिंतीतले शुद्ध शिशाचे पत्रे. किरणोत्सारी औषधं ज्यातून आणतात त्या शिशाच्या जाड डब्या. शिडाच्या नावेच्या तळाचं कील. चर्चच्या रंगीत काचा जोडणाऱ्या पट्ट्या. जुन्या टेलिफोन तारांवरचं शिशाचं वेष्टण, ज्याबद्दल २०२३ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने मोठा तपास छापला की अशा तारा कंपन्यांनी जमिनीखाली आणि पाण्याखाली तशाच सोडून दिल्या आहेत. कास्टरांना या तारांची ओळख कितीतरी आधीपासून होती. शिसं मऊ, न गंजणारं, पाणी आणि किरण अडवणारं, सहज वाकणारं. जिथे जिथे काही अडवायचं किंवा झाकायचं होतं तिथे तिथे ते वापरलं गेलं आणि मग विसरलं गेलं.

या सगळ्यांत सर्वांत मोलाचं मानलं जातं ते छापखान्याचं शिसं. ऑटमार मर्गेंथालर या जर्मन घड्याळजीने अमेरिकेत बनवलेलं लायनोटाइप यंत्र ३ जुलै १८८६ रोजी ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये चालू झालं. कळफलकावर ओळ टिपली की यंत्र ती अख्खी ओळ शिशात ओतून बाहेर टाकी. त्यासाठीची धातू ठरलेली होती: ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. अँटिमनीमुळे धातू थिजताना फारशी आक्रसत नाही, अक्षराची कड धारदार येते. कथिलामुळे रस साच्याच्या बारीक रेषांत उतरतो. अक्षराला जे हवं तेच गोळीला हवं. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कठीणपणा ५, चाकाच्या वजनांचा १० च्या आसपास, लायनोटाइपचा २२. म्हणजे लायनोटाइपचा छोटा तुकडा मोठ्या प्रमाणातल्या मऊ शिशात घालून हवी ती धातू जमवता येते. बऱ्याच पुस्तकांत आदर्श मानलेल्या लायमन नंबर २ या मिश्रणात ९० टक्के शिसं आणि पाच-पाच टक्के कथील व अँटिमनी असतं.

२ जुलै १९७८ चा अंक हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा तप्त धातूवर जुळवलेला शेवटचा अंक. त्या रात्रीवर एक माहितीपटही निघाला. देशभर हेच घडलं आणि टनांनी अक्षरधातू भंगारात आली. पुढची काही वर्षं हा कास्टरांचा सुकाळ होता. लहान गावातलं बंद पडलेलं साप्ताहिक, त्याच्या तळघरात रचलेल्या लगडी, मालकाला जागा मोकळी हवी. तो साठा आता गोळ्यांत विरघळून मातीत गेला आहे, आणि उरलेल्याला किंमत चढली आहे.

हे लिहिताना मला आपल्या छापखान्यांतले खिळे आठवतात. १८६९ मध्ये सुरू झालेलं जावजी दादाजींचं निर्णयसागर, त्याच्या देखण्या देवनागरी अक्षरांची कीर्ती, हाताने खिळे जुळवणारे जुळारी, काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये काढलेला ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक, हे सगळं शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्याच मिश्रणावर उभं होतं. दिवाळी अंकांची दोन-तीन पिढ्यांची पानं या धातूने कागदावर दाबली. फोटोटाइपसेटिंग आणि मग संगणक आला तेव्हा आपल्याकडचे खिळेही किलोवर विकले गेले. तिथे त्यांच्या गोळ्या झाल्या, इथे ते पुन्हा वितळून बाजारात मिसळले. अक्षरांचा इतका मोठा ठेवा वजनावर जावा याची हळहळ मला वाटते, आणि हातात तो खिळा घेणाऱ्या जुळाऱ्याच्या रक्तात किती शिसं गेलं असेल याची त्याहून जास्त.

एका शिशाला मात्र जाणता कास्टर हात लावत नाही: मोटारीच्या बॅटरीतलं. तेच सर्वाधिक, तेच सर्वांत सहज मिळणारं, आणि तरी वर्ज्य. जाळ्यांमध्ये कॅल्शियम, अँटिमनी, आर्सेनिक अशा धातू असतात, भोवती गंधकाम्ल आणि शिशाचे क्षार. घरच्या भट्टीत ते वितळवलं तर मळीत ओलावा किंवा आम्ल लागून आर्सिन आणि स्टिबिन हे अत्यंत विषारी वायू सुटू शकतात. त्या मानाने हाती येणारं शिसंही थोडंच. बॅटरी दुकानात परत द्यावी, हाच अनुभवी माणसाचा सल्ला असतो.

भंगार वितळवायची भट्टी वेगळी आणि गोळ्या ओतायची वेगळी, हा पहिला नियम. भंगाराची भट्टी उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन. माल कोरडा हवा आणि थंड भांड्यातच भरायचा. तापलेल्या रसात ओलं वजन पडलं तर आतल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि सगळा रस कारंजासारखा वर उडतो. बंद टोकाच्या नळीच्या तुकड्यातलं पाणी दिसत नाही, म्हणून नळीचे तुकडे आधी कापून उघडतात. रस झाला की लाकडाचा भुसा किंवा मेणाचा तुकडा टाकून ढवळायचं. त्याने कथिलाचे ऑक्साइड पुन्हा धातूत येतात आणि माती-काजळी वर येते. गुऱ्हाळात कढईवरची मळी काढतात तशी ती झाऱ्याने काढत राहायची. खाली राहतो तो आरशासारखा रस. तो लोखंडी साच्यात ओतून लगडी पाडायच्या आणि थंड झाल्यावर प्रत्येकीवर ठोक्याने खूण करायची. चाकाच्या वजनांची एक, मऊ शिशाची दुसरी, लायनोटाइपची तिसरी. खूण नसलेली लगड कोणत्या कामाची हे सांगता येत नाही. मग कठीणपणा पाहायला चित्रकाराच्या पेन्सिली काढतात आणि कोणत्या क्रमांकाची पेन्सिल पृष्ठभागावर ओरखडा उठवते ते बघतात. भंगारगोदामांत आता धातूवर टेकवताच घटक सांगणारी क्ष-किरणांची पिस्तुलं आली आहेत, आणि ओळखीच्या गोदामवाल्याकडून लगड तपासून घेणं हा शहाणा मार्ग झाला आहे.

या कामात विष नेमकं कुठून शिरतं याबद्दल नवख्याची कल्पना बहुधा चुकीची असते. तो धुराला घाबरतो. शिसं १७४९ अंशांना उकळतं, ३७० अंशांना त्याची वाफ अगदी नगण्य. धोका मळीच्या राखाडी भुकटीत आहे. ती शिशाचं ऑक्साइड असते, हाताला लागते, बाह्यांवर बसते, बुटांबरोबर घरात येते, आणि हाताने तोंडाला लागली की शरीरात. म्हणून भट्टीजवळ खाणंपिणं आणि सिगारेट नाही, हात थंड पाण्याने आणि साबणाने, कपडे वेगळे धुवायचे, भुकटी झाडायची नाही तर ओल्या फडक्याने पुसायची, आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी. जबाबदार कास्टर हे काटेकोर पाळतात. न पाळणाऱ्याची किंमत त्याच्या घरातलं रांगतं मूल मोजतं, कारण जमिनीवरची धूळ त्याच्या हातातून थेट तोंडात जाते.

मुलाच्या रक्तात किती शिसं म्हणजे काळजीची बाब, याचा अमेरिकेतला अधिकृत आकडा पाहिला तर विज्ञान कसं हळूहळू शहाणं झालं ते दिसतं. १९६० च्या दशकात तो दर डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅम होता. १९७० मध्ये ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५, आणि २०२१ पासून ३.५. सुरक्षित असा कोणताही आकडा नाही, हे आता सर्वमान्य आहे. दरम्यान १९७८ मध्ये घरांच्या रंगातून, १९८६ च्या कायद्याने पाण्याच्या नव्या नळांमधून आणि १९९६ पासून रस्त्यावरच्या वाहनांच्या पेट्रोलमधून शिसं काढलं गेलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. चाकांची वजनं ही याच प्रवासातली अलीकडची पायरी.

मिसूरी राज्यातलं हर्क्युलेनियम हे गाव या प्रवासाची दुसरी बाजू दाखवतं. १८०८ मध्ये मोझेस ऑस्टिन यांनी शिशाच्या व्यापारासाठीच ते मिसिसिपी नदीच्या काठी वसवलं. पुढच्याच वर्षी तिथे कड्यावर छऱ्यांचा मनोरा उभा राहिला, ज्यातून वितळलेलं शिसं उंचावरून टाकलं की थेंब हवेत गोल होऊन खाली पाण्यात थिजत. १८९२ पासून तिथे खनिजातून शिसं काढणारी मोठी भट्टी चालू होती. २००१ च्या सुमाराला तपासण्या झाल्या तेव्हा भट्टीच्या अगदी जवळ राहणाऱ्या लहान मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या रक्तात शिसं तेव्हाच्या मर्यादेपलीकडे निघालं. कंपनीने जवळची घरं विकत घेतली, वस्ती उठली. २००८ मध्ये हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरला १.५ वरून ०.१५ मायक्रोग्रॅमवर आली आणि डिसेंबर २०१३ मध्ये भट्टी बंद झाली. खनिजातून शिसं काढणारी ती देशातली शेवटची भट्टी होती. सरकारने मागच्या दाराने दारूगोळाच बंद पाडला, अशी आवई तेव्हा बंदूकवाल्यांत उठली. ती चुकीची होती. काडतुसांच्या कारखान्यांना लागणारं शिसं मुख्यत्वे पुन्हा वितळवलेल्या बॅटऱ्यांमधून येतं, आणि त्या भट्ट्या चालूच राहिल्या. 

गोळी झाडल्यानंतरचं शिसं कुठे जातं, हाही प्रश्न आहे. कॅलिफोर्निया कॉंडॉर हा गिधाडाच्या जातीचा भव्य पक्षी १९८२ मध्ये अवघा २२ उरला होता. सगळे पकडून, पिंजऱ्यात पिल्लं वाढवून पुन्हा सोडले, आता संख्या ५०० च्या वर गेली आहे. पण शिकारीनंतर रानात टाकलेल्या आतड्यांतले गोळीचे कण खाऊन हे पक्षी विषबाधेने मरत राहिले. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद केली. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात ३८ राज्यांतले १,२१० गरुड तपासले होते आणि जवळपास निम्म्यांत दीर्घकालीन विषबाधेच्या खुणा मिळाल्या. हे कण बरेचदा वेगवान रायफलच्या तांब्याने मढवलेल्या कारखानदारी गोळ्यांचे असतात, हे खरं; कठीण मिश्रणाची संथ ओतीव गोळी त्या मानाने कमी फुटते. पण एवढ्यावर कास्टरने हात झटकावेत असं मला वाटत नाही. शिकारीला तांब्याची गोळी आणि सरावाला शिशाची, पण तीही परत गोळा होईल अशा जागी, ही वाट अनेकांनी धरली आहे आणि ती योग्य आहे.

अमेरिकेतल्या भंगाराचा माग आपल्या बंदरापर्यंतही येतो. तिथल्या भंगार व्यापाऱ्यांच्या संघटनेने शिशाच्या प्रत्येक प्रकाराला सांकेतिक नाव दिलेलं आहे: स्वच्छ मऊ शिसं ते रॅक्स, शिशात गुंडाळलेली तांब्याची तार ती रिले, चाकांची वजनं ती रोप्स. भारताच्या सीमाशुल्क दरपत्रकात ७८०२ या शीर्षाखाली हीच नावं जशीच्या तशी छापलेली आहेत. कास्टरच्या बादलीला मुकलेलं शिसं जहाजातून आपल्याकडे येऊ शकतं, आणि इथे त्याची नवी बॅटरी होते. परवानाधारक कारखान्यात, धूळ पकडणाऱ्या गाळण्या लावून झालं तर ठीक. पण जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या आपल्याकडे अजून आहेत. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज दिला होता आणि त्यातली सुमारे २७.५ कोटी भारतातली. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ती नियमाप्रमाणे परत जाते की दारावर चार पैसे जास्त देणाऱ्याकडे, हे मात्र आपल्यासारख्या प्रत्येक वाहनमालकाच्या हातात असतं. मिसूरीतल्या छांदिष्टाला बॅटरी फोडू नये हे पक्कं ठाऊक आहे. पोटासाठी ती फोडणाऱ्याला ते कुणी सांगितलेलं नसतं, आणि सांगितलं तरी त्याच्यापुढे दुसरं काम ठेवलेलं नसतं. याचा मला राग येतो.

टायरच्या दुकानातून भागेनासं झालं तेव्हा अमेरिकेतले कास्टर सरावाच्या मैदानाकडे वळले. मातीच्या बांधात वर्षानुवर्षं रुतलेलं शिसं चाळून काढायचं, तांब्याची आवरणं रसावर तरंगली की काढून घ्यायची. पण तिथलं शिसं आता अनेक मैदानांचे चालक मोठ्या पुनर्प्रक्रिया कंपन्यांना कंत्राटाने देतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००१ च्या मार्गदर्शिकेतही बांधातलं शिसं वेळोवेळी काढून घेण्यावर भर आहे. उरतो तो विकतचा माल: ओतशाळेतून प्रमाणित मिश्रणाच्या लगडी, नेमक्या घटकांच्या, भंगारापेक्षा बऱ्याच महाग.

म्हणून आता जाणते कास्टर आपलंच शिसं परत मिळवायच्या मागे आहेत. लक्ष्याच्या पाठीमागे लाकडी पेटी, तीत बागेत घालतात ते रबराचे तुकडे गच्च भरलेले, समोर रबरी चादर. पिस्तुलाची ओतीव गोळी त्यात फूट-दीड फुटात थांबते आणि जवळपास अखंड मिळते. मिश्रण आपणच केलेलं असल्याने तपासायची गरज नाही. जस्ताची भीती नाही, मातीत काही जात नाही, पाखराच्या चोचीत काही पडत नाही. मोसम संपला की पेटी उघडायची, रबर चाळायचं, तोंडाला धुळीचा मुखवटा लावून गोळ्या वेचायच्या आणि वितळवायच्या. प्रत्येक फेरीत थोडं कथील मळीबरोबर जातं, तेवढं वजन करून पुन्हा घालायचं.